सुट्या सेलची पारख

अडीच इंच लांब, अंगठ्याएवढा जाड आणि रंगीत प्लॅस्टिकच्या वेष्टनांत गुंडाळलेला एक धातूचा सेल आज जगांतील कोट्यवधि घरांत शिरलेला आहे. पुष्कळ घरांना त्याची ओळखहि नाहीं. कारण पॉवर बँकेच्या डबींत, जुन्या लॅपटॉपच्या पोटांत किंवा विजेच्या सायकलीच्या पेटींत तो आपल्या सोबत्यांसह बंद होऊन बसलेला असतो, आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारें एक छोटेंसें सर्किट त्याच पेटींत सदा जागें असतें. परंतु हाच सेल जेव्हां सुटा विकत घेतला जातो, खिशांत टाकला जातो आणि एखाद्या उपकरणांत हातानें बसविला जातो, तेव्हां देखरेखीचें तें काम बव्हंशीं ग्राहकाच्या शहाणपणाकडे येतें. सुट्या सेलचा असा वापर विशेषेंकरून होतो तो ई-सिगारेट, अर्थात् व्हेप, या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या उपकरणांत.

भारतांत या उपकरणांचें उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात हीं सर्व २०१९ च्या कायद्यानें बंद झालेलीं आहेत. पहिल्याच अपराधाला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यांत तरतूद आहे. त्यामुळें या विषयाचें खरें क्षेत्र ब्रिटन आणि अमेरिका हें होय. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सिगारेट सोडूं पाहणाऱ्या प्रौढ माणसाला हें एक साधन म्हणून सुचविते. ज्यानें कधीं धूम्रपान केलेलें नाहीं त्यानें याच्या वाटेस जाऊं नये, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगते. एकदां वापरून फेकून देण्याच्या व्हेपची विक्री तेथें १ जून २०२५ पासून बंद झाली, आणि पुन्हां पुन्हां चार्ज करतां येणाऱ्या उपकरणांकडे लोकांना वळावें लागलें. त्यांतील कांहींत बॅटरी कायमची बसविलेली असते. कांहींत मात्र सेल काढतां-घालतां येतो. लेस्टरला किंवा लंडनला शिकावयास गेलेल्या मुलाच्या खोलींत, त्याच्या स्वतःच्या नव्हे तर सोबत्याच्या टेबलावर कां होईना, असा सेल असणें अगदीं संभवनीय आहे. शिवाय जोरकस प्रकाश देणाऱ्या ज्या नव्या विजेऱ्या महाराष्ट्रांतल्या घरांत आणि ट्रेकला जाणाऱ्यांच्या पाठपिशव्यांत दिसतात, त्यांपैकीं अनेकींत हाच सेल असतो. तेव्हां ही पारख केवळ परदेशांतल्या शौकिनांपुरती उपयोगी आहे, असें मानण्याचें कारण नाहीं.

या सेलचें नांव १८६५०. पहिले दोन आंकडे मिलिमीटरमध्यें त्याची जाडी सांगतात, त्यापुढचे दोन लांबी. अलीकडे २१७०० नांवाचा त्याचा थोरला भाऊहि बाजारांत आलेला आहे; त्याचें मापहि याच रीतीनें वाचावयाचें. लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारांत आणली ती जपानच्या सोनी कंपनीनें, १९९१ सालीं. ज्या संशोधनाच्या पायावर ती उभी राहिली त्याबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. सेलच्या पोटांत दोन लांबलचक पट्ट्यांची सुरळी असते : एक ग्रॅफाइटचा लेप दिलेली तांब्याची, दुसरी धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेली ॲल्युमिनियमची, आणि दोघींचा एकमेकींना स्पर्श होऊं नये म्हणून मध्यें केसाहूनहि पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा. ही सुरळी ज्या द्रवांत भिजलेली असते तो द्रव पेट घेणारा आहे. मार लागून, अति उष्णतेनें किंवा अति प्रवाहानें हा पडदा निकामी झाला कीं आंतल्या आंत उष्णता वाढते, त्या उष्णतेनें रासायनिक क्रिया जोरावते, आणि त्या क्रियेंतून आणखी उष्णता उत्पन्न होते. दूध उतूं जाऊं लागलें तर चूल विझवितां येते. येथें दूध आणि चूल एकच असतात. सेलच्या टोपींत कोंडलेला वायु बाहेर पडण्यासाठीं एक वाट मुद्दाम ठेवलेली असते. ती वेळेवर उघडली तर धूर आणि ज्वाळा यांवर निभावतें. न उघडली, किंवा ज्या नळींत सेल बसविला त्या नळीनेंच ती वाट अडविली, तर त्या नळीचा बार होतो.

आतां खरेदीकडे वळावयाचें. दुकानांत गेलेला ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतो : हा किती वेळ चालेल? प्रश्न स्वाभाविक आहे. पण व्हेपसारख्या उपकरणाच्या बाबतींत तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पुण्यांतील जुन्या वाड्यांत हौद असत. हौद मोठा असला म्हणजे पाणी पुष्कळ दिवस पुरे; पण एका वेळीं किती पाणी मिळेल हें हौदाच्या आकारावर नव्हे, तोटीच्या रुंदीवर अवलंबून असे. सेलच्या वेष्टनावर मिलिअँपिअर-तास म्हणून जो आंकडा असतो तो हौदाचा; अँपिअर म्हणून जो असतो, किंवा असावयास पाहिजे, तो तोटीचा. आणि एकाच मापाच्या नळकांड्यांत या दोहोंची सहसा चढाओढ असते. साठा वाढवावयाचा तर लेप जाड करावा लागतो, आणि लेप जाड केला कीं विद्युत्प्रवाहाची वाट बिकट होते. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० मिलिअँपिअर-तासांचा असून अखंडपणें २० अँपिअर देऊं शकतो. त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या ३५ई या सेलचा साठा जवळजवळ ३५०० आहे, पण त्याची अखंड प्रवाहाची मर्यादा अवघी ८ अँपिअर. मंद विजेरीला दुसरा उत्तम. धूर काढणाऱ्या तापलेल्या तारेला तोच सेल जोडला तर त्याच्याकडून त्याच्या शक्तीबाहेरचें काम घेतल्यासारखें होईल. आंकडा मोठा आणि किंमतहि अधिक म्हणून ग्राहक नेमका तोच उचलतो, ही या बाजारांतील नित्याची गोष्ट.

उपकरणाला किती प्रवाह लागेल हें शाळेंत शिकलेल्या ओहमच्या नियमानें काढतां येतें. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तारेचा रोध अर्धा ओहम असेल तर ४.२ ला ०.५ नें भागून ८.४ अँपिअर प्रवाह येतो. रोध ०.२ ओहम केला तर प्रवाह २१ अँपिअर, आणि ०.१ केला तर ४२. रोधाचा आंकडा खालीं जातो तसतसा वाफेचा ढग मोठा होतो, आणि शौकीन मंडळींची ओढ त्याच दिशेनें असते; परंतु ४२ अँपिअर अखंडपणें आणि निर्धोकपणें देईल असा १८६५० सेल नामांकित कंपन्यांच्या यादींत शोधूनहि सांपडणें कठीण.

हा हिशेब झाला साध्या, सर्किट नसलेल्या उपकरणाचा. ज्यांत वॉटचा आंकडा ठरवून देतां येतो अशा उपकरणांचा हिशेब वेगळा, आणि त्यांत एक गंमत आहे. तेथें सेल रिकामा होत जातो तसतसा त्याच्यावरचा भार कमी न होतां वाढतो. कारण ठरलेले वॉट पुरविण्यासाठीं, दाब उतरला कीं सर्किट तितका अधिक प्रवाह ओढतें. म्हणून भागाकार करावयाचा तो ४.२ नें नव्हे, तर ज्या दाबाला उपकरण बंद होतें त्या दाबानें. ६० वॉटचें उपकरण एका सेलवर चालत असून तें ३.२ व्होल्टला बंद होत असेल, आणि सर्किटमध्यें दहाव्या हिश्शाइतकी शक्ति वायां जात असेल, तर शेवटच्या क्षणीं प्रवाह जवळजवळ २१ अँपिअरपर्यंत चढतो. तेंच उपकरण दोन सेलवर चालत असेल तर प्रत्येकाच्या वांट्याला त्याच्या निम्माच येतो. दोन सेल घालण्याचा खरा लाभ हा आहे. मात्र ते दोन एकाच जातीचे, एकाच दिवशीं घेतलेले आणि जन्मभर एकत्रच वापरलेले असावे लागतात. जुन्या बैलाशेजारीं नवा बैल जुंपला तर दोघांचेहि हाल होतात. येथें जुना सेल आधीं रिकामा होतो आणि नवा त्याला त्याच्या मर्यादेपलीकडे ओढत नेतो.

हा सर्व हिशेब वेष्टनावरचा आंकडा खरा आहे असें धरून चालला. आणि खरी मेख तेथेंच आहे. १८६५० मापाच्या नळकांड्यांत आजच्या रसायनशास्त्राला सुमारें ३५०० मिलिअँपिअर-तास, फार तर त्याहून थोडासा अधिक, एवढाच साठा बसवितां येतो. तरीहि बाजारांत ५०००, ६८००, इतकेंच काय, ९९०० असे आंकडे छापलेले सेल राजरोसपणें विकले जातात. शेराच्या मापांत पायली धान्य मावत असल्याचें कोणी सांगितलें तर वाणसामानाच्या दुकानांत त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाहीं; सेलच्या दुकानांत मात्र तोच ग्राहक त्यासाठीं पैसे मोजतो. असला आंकडा दिसला कीं पुढील चौकशीची गरजच उरत नाहीं. प्रवाहाच्या आंकड्याची लबाडी याहून सूक्ष्म असते. क्षणभर सोसेल असा प्रवाह मोठ्या अक्षरांत छापावयाचा आणि अखंड प्रवाहाची मर्यादा अजिबात छापावयाचीच नाहीं, ही त्यांतली सर्वांत रूढ युक्ति. विकत घेणाऱ्यानें अखंड प्रवाहाचाच आंकडा मागावा, आणि तो वेष्टनावरून नव्हे तर कारखानदाराच्या माहितीपत्रकावरून घ्यावा.

सेल खरोखर बनविणारे मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे आहेत : सॅमसंग, एलजी, पॅनासॉनिक, मुराता, तैवानचा मॉलिसेल आणि असे आणखी कांहीं. बाजारांतील इतर अनेक नांवें कारखान्याचीं नसून वेष्टनाचीं असतात. दुसऱ्याचे सेल घेऊन त्यांवर आपलें रंगीत वेष्टन चढवावयाचें, असा हा धंदा. यांत कांहीं जण प्रामाणिकपणें चांगला माल घेतात; कांहीं जण मोठ्या कारखान्यानें नाकारलेला, किंवा जुन्या लॅपटॉपमधून उपसलेला मालहि घेतात. आणि वेष्टन पाहून हा भेद कळत नाहीं, म्हणूनच ज्या नांवामागें कारखाना नाहीं तें नांव टाळलेलें बरें. त्याहून निलाजरा प्रकार म्हणजे मोठ्या कारखान्याचेंच नांव छापलेला बनावट सेल. तो ओळखण्याचीं कांहीं साधनें घरांत असतात. स्वयंपाकघरांतील लहान वजनकाट्यावर खरा १८६५० सेल साधारण ४४ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमांचा निघाला तर त्याच्या पोटांत कांहीं तरी कमी आहे, हें उघड होय. अक्षरांची ठेवण, वेष्टनाची सफाई, टोपीवरील छिद्रांची संख्या हीं कारखानदाराच्या चित्रांशीं ताडून पाहतां येतात. इतिहासहि उपयोगी पडतो. सोनीनें आपला बॅटरीचा धंदा २०१७ मध्यें मुरातास विकला. तेव्हां सोनीचें नांव मिरविणारा सेल आज कोणी 'ताजा माल' म्हणून पुढें करीत असेल, तर तो एक तर जुना आहे किंवा खोटा आहे. भारतांत विजेरीसाठीं असा सेल घेतांना भारतीय मानक ब्यूरोचें नोंदणीचिन्ह आणि आर या अक्षरानें सुरू होणारा क्रमांक पाहावा. त्याचें मानक आय. एस. १६०४६ हें असून, क्रमांक ब्यूरोच्या बी.आय.एस. केअर या ॲपवर पडताळून पाहतां येतो. हीं सारीं साधनें असूनहि दुकानाची निवड हीच अखेर मोठी गोष्ट ठरते. माल कोठून येतो हें विचारतां उत्तर देणारा, बिलावर सेलचें पूर्ण नांव लिहून देणारा दुकानदार दोन पैसे अधिक घेत असला तरी तो स्वस्त पडतो. कोण विकतो याचा पत्ता नसलेल्या आंतरजालावरील बाजारांत हाच सेल अर्ध्या किंमतीला मिळतो, आणि तो अर्ध्या किंमतीला कां मिळतो याचें उत्तर तेथें देणारें कोणी नसतें.

येथें एक अप्रिय गोष्टहि सांगितली पाहिजे. ज्या मोठ्या कारखान्यांचे सेल घ्यावेत असें वर म्हटलें, त्यांतल्या कांहींनीं स्वतःच जाहीर केलेलें आहे कीं, आपले सुटे सेल व्हेपसाठीं बनविलेले नाहींत. ते संरक्षक सर्किटसह बंद पेटींत बसविण्यासाठीं आहेत. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानें जानेवारी २०२१ मध्यें तर सुटे १८६५० सेल विकत घेऊंच नयेत आणि वापरूंहि नयेत असा इशारा दिला. हा इशारा शब्दशः पाळावयाचा म्हटलें तर ज्यांत बॅटरी कारखान्यांतच बसविलेली आहे असें उपकरण घेणें हाच मार्ग उरतो, आणि ज्याला वरील भागाकार करण्याची हौस किंवा सवड नाहीं त्याच्यासाठीं तोच मार्ग योग्य आहे. ज्यांत कसलेंहि सर्किट नाहीं अशा नुसत्या धातूच्या नळीचें, मेकॅनिकल मॉड म्हणतात त्याचें, आकर्षण तर नवशिक्यानें पूर्णपणें टाळावें. तेथें चूक झाली तर मध्यें पडणारें कोणीच नसतें. मे २०१८ मध्यें फ्लोरिडांतील सेंट पीटर्सबर्ग येथें आणि जानेवारी २०१९ मध्यें टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथें व्हेपच्या स्फोटानें एकेक मनुष्य दगावल्याची नोंद आहे.

तथापि उपकरण तोंडाशीं असतांनाच धोका असतो ही समजूत खरी नव्हे. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २००९ पासून २०१६ अखेरपर्यंत वृत्तपत्रादि माध्यमांतून आलेल्या घटना एकत्र केल्या, त्या १९५ भरल्या. त्यांत १३३ जणांना इजा झाली आणि त्यांपैकीं ३८ जणांची इजा गंभीर होती. या १९५ घटनांपैकीं ६० वापर चालूं असतां घडल्या. आणि ६१ घडल्या त्या उपकरण किंवा सुटा सेल नुसता खिशांत असतांना! याचें कारण सेलच्या बांधणींत आहे. सामान्य समजूत अशी कीं, वरचें टोंक धन आणि खालचें टोंक ऋण. वस्तुतः खालच्या तळापासून वरच्या कांठापर्यंत सेलचें सारें धातूचें अंगच ऋण असतें. धन असते ती फक्त मधली टोपी. त्या दोहोंमध्यें अंतर असतें एक-दोन मिलिमीटरांचें, आणि त्यांना वेगळें ठेवतात तें वरचें पातळ वेष्टन व कांठावरची एक लहानशी चकती. वेष्टन नखाएवढें जरी फाटलें आणि खिशांतली किल्ली किंवा नाणें त्या ठिकाणीं टेकलें, तरी सेलची सारी शक्ति त्या किल्लींतून एकदम वाहूं लागते. खिसा शिवलेला असतो मांडीशीं. सेल काढून फेकण्यास जो वेळ लागतो तेवढ्यांत कातडी जळून जाते. म्हणून सुटा सेल कितीहि उत्तम असो, प्लॅस्टिकच्या झांकणाच्या डबीशिवाय तो घराबाहेर नेऊं नये. ही डबी सेलच्या मानानें अगदीं क्षुल्लक किंमतीला मिळते. फाटलेलें वेष्टन बदलून मिळतें. वेष्टनाची नळी नवी चढवून गरम हवेनें आवळून घेतात. परंतु अंगाला पोंचा पडलेला, गळणारा किंवा स्वस्थ पडल्यापडल्या ऊन लागणारा सेल दुरुस्त होत नाहीं.

चार्जरविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तो लिथियम-आयन सेलसाठींच बनविलेला आणि ४.२ व्होल्टला आपण होऊन थांबणारा असावा. सेल फार दिवस पडून राहून त्याचा दाब अडीच व्होल्टच्याहि खालीं गेला असेल, तर त्याला पुन्हां जीवदान देण्याचा खटाटोप करूं नये. चार्जिंग जागेपणीं, फरशीवर किंवा दगडी ओट्यावर करावें. वरील १९५ घटनांत ४८ चार्जिंग चालूं असतांच्या होत्या, आणि गादी, उशी व सोफा हीं विझविण्यास कठीण अशीं इंधनें आहेत. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत सेल ठेवूं नये, हें मुंबई-पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत निराळें सांगावयास नको.

विमानप्रवासांत सुटे सेल सामानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींत ठेवण्यास मनाई आहे. ते हातांतल्या पिशवींत, प्रत्येक वेगळा झांकलेला असा न्यावा लागतो. पेटींत आग लागली तर ती दिसत नाहीं, आसनाजवळ लागली तर विमानसेवकांना ती विझवितां येते, एवढाच त्या नियमाचा अर्थ. सेल सोडाच, खुद्द व्हेप घेऊन भारतांत उतरणाऱ्यानें वर सांगितलेली आयातबंदी ध्यानांत ठेवावी.

राहिला प्रश्न म्हाताऱ्या सेलचा. एके काळीं दिवसभर पुरणारा सेल दुपारींच थकूं लागला, किंवा चार्ज होतांना पूर्वींपेक्षां अधिक तापूं लागला, म्हणजे त्याचें काम संपलें असें समजावें. तो घरच्या कचऱ्यांत टाकला तर कचऱ्याच्या गाडींत दाबला जाऊन तेथें आग लावतो. त्याच्या दोन्ही टोंकांना चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा. ब्रिटनमध्यें वर्षाला ३२ किलोंहून अधिक बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानदारास जुन्या बॅटऱ्या विनामूल्य परत घ्याव्या लागतात. भारतांत २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनीं ही जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. नवा सेल घेतांना जुना कोठें द्यावयाचा हें त्याच दुकानदाराला विचारून, संग्रहकेंद्राचा पत्ता बिलामागें लिहून घ्यावा.